रुमाल, गाठ आणि चिठ्ठी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांनी मागितल्यावरून येथे देत आहोत.)

गणपती बाप्पा मोरया!



या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी संतवाङ्मयावर बोलतात, कोणी आरोग्यावर, कोणी नर्मदा परिक्रमेवर. यंदा कार्यकारिणीने आमच्यासारख्या डिप्लोमा झालेल्या सरकारी नोकराला उभे केले आहे आणि विषय आहे डाउनलोड केलेल्या झिप फाइली व त्यांच्यासोबत येणाऱ्या माहितीच्या फाइली. विषय कळल्यावर एक काकू म्हणाल्या, "अहो, आरतीनंतर याला कोण थांबणार?" आम्ही म्हटले, "प्रसाद भाषणानंतर ठेवा." तेव्हा आपण सर्व थांबलात याचे श्रेय आमचे नाही, मोदकांचे आहे, हे आम्ही जाणून आहोत.

विषय मात्र आम्ही मागून घेतला. आमच्या हातून एक चूक झाली आहे आणि तिचे नुकसान सगळ्या मंडळाला सोसावे लागले आहे. तिची कबुली बाप्पासमोर द्यावी आणि तीच चूक आपल्या कोणाच्या घरी होऊ नये, एवढाच हेतू.

आमच्या हातून काय झाले

वीस-एक वर्षांपूर्वी आपल्या मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदाने, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, एक मोठे काम एकट्याने केले. घरोघरी जाऊन जुने फोटो मागून आणले, इंदूरला नेऊन स्कॅन करून घेतले आणि ज्याचे त्याला परत केले. मंडळाच्या आठवणी लिहिल्या, त्या टाइप करवून घेतल्या. हे सगळे एका झिप फाइलीत बांधून सीडीवर घेतले. पुढे अण्णा गेले. सीडी मंडळाच्या कपाटात राहिली.

प्रदर्शनासाठी जुने फोटो हवे होते, म्हणून आम्ही दोघा-तिघांनी ती सीडी काढली. झिप संगणकावर घेऊन उघडली. आत ६३ फोटो, आठवणींची एक वर्डची फाइल आणि दोन-तीन केबीची एक लहानशी मजकुराची फाइल. ती लहान फाइल उघडली तर वर एक इंग्रजी ओळ आणि खाली इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम यांचा नुसता काला. आम्हाला वाटले, फाइल खराब झाली आहे. पुसून टाकली. फोटो बाहेर काढल्यावर झिपही पुसली, कारण डोक्यात हेच की डब्यातले लाडू काढले की डबा रिकामा! सीडीला पुढे ओल लागून बुरशी आली आणि ती वाचेनाशी झाली.

प्रदर्शन छान झाले. नंतर सवडीने अण्णांच्या आठवणींची फाइल हाती घेतली. तीही उघडल्यावर तसाच काला दिसला. पण वर्डची फाइल आपण कोणत्या फॉन्टमध्ये लिहिलेली आहोत ते नाव स्वतःच्या पोटात ठेवते. ते नाव पाहून फॉन्ट मिळवला, संगणकात बसवला आणि अण्णांचा मजकूर जसाच्या तसा समोर आला. आनंदाने वाचत गेलो. शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि गप्प झालो. तिथे लिहिले होते की फोटोंतील व्यक्तींची नावे, साल आणि प्रसंग सोबतच्या लहान फाइलीत क्रमांकाप्रमाणे दिले आहेत.

ती फाइल खराब नव्हती. तीही त्याच फॉन्टमध्ये होती. फरक एवढाच की साध्या मजकुराच्या फाइलीत फॉन्टचे नाव साठवायला जागाच नसते. म्हणूनच बहुधा अण्णांनी ते पहिल्या ओळीत इंग्रजीत लिहून ठेवले असावे. आता खात्री कशी करणार? आम्ही ती ओळ वाचलीच नव्हती.

फोटो आहेत. नावे गेली.

झिप म्हणजे रुमाल

आता ही झिप म्हणजे आहे तरी काय? पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद कापडाच्या चौकोनी फडक्यात गठ्ठा करून बांधलेले असतात. त्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात आणि प्रत्येक रुमालाला क्रमांक असतो. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात याच दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड संपादून काढले. रुमालांना क्रमांक नसते, कोणत्या गठ्ठ्यात काय आहे याच्या याद्या नसत्या, तर हे काम कोणाच्या आवाक्यातले राहिले असते का?

झिप हा संगणकावरचा रुमाल आहे. ती तीन कामे करते. अनेक फाइली एका गाठीत बांधते, त्यांचा आकार कमी करते आणि प्रत्येक फाइलीचा ताळा लिहून ठेवते. रार आणि सेव्हन-झेड हे याच रुमालाचे दुसरे प्रकार. बांधण्याची तऱ्हा निराळी, काम तेच.

आकार कमी कसा होतो, हे आपल्या आरतीच्या पुस्तकात रोज दिसते. ध्रुपद प्रत्येक कडव्याखाली पूर्ण छापत नाहीत, नुसते 'ध्रु.' लिहितात. म्हणणाऱ्याला ठाऊक असते की मागे जाऊन ती ओळ उचलायची. १९७७ मध्ये अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या दोन इस्रायली शास्त्रज्ञांनी हीच कल्पना गणिताने मांडली. मजकूर पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा आणि इतकी उचल' एवढीच खूण ठेवायची.

दुसरी युक्तीही आपल्या पत्रांतली आहे. वारंवार येणारे शब्द थोडक्यात लिहायचे. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे प्रत्येक पत्रात यायचेच, म्हणून 'सा. न. वि. वि.' झाले. कधीतरीच येणारा शब्द मात्र पूर्ण लिहायचा. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये याचा शास्त्रशुद्ध हिशोब प्रसिद्ध केला. जे चिन्ह जास्त वेळा येते त्याला लहान खूण आणि क्वचित येते त्याला मोठी. झिपमध्ये या दोन्ही युक्त्या एकापुढे एक वापरतात.

झिप हे स्वरूप तयार केले अमेरिकेतल्या फिल काट्झ याने, १९८९ मध्ये, आणि पुढे त्यानेच या दोन्ही युक्त्या त्यात एकत्र आणल्या. त्याच्या नावाची आद्याक्षरे 'पी' आणि 'के' आजही झिप फाइलीच्या सुरुवातीला असतात. काट्झ २००० साली, अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. पण झिपची रचना आतून कशी असते, हे त्याने एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून जगाला देऊन ठेवले होते. ती चिठ्ठी होती म्हणून त्याच्यामागे हजारो लोकांना झिप उघडणारे प्रोग्राम लिहिता आले आणि म्हणूनच आज आपल्या मोबाइलवरही ती उघडते. वर्डच्या नव्या फाइली, ई-पुस्तके, मोबाइलची अ‍ॅप या सगळ्या आतून झिपच आहेत.

घडी आणि रस

एक फरक मात्र पक्का ध्यानात ठेवा. झिप म्हणजे नऊवारीची घडी. घडी मोडली की पूर्ण नऊ वार परत मिळतात, एक दोराही कमी होत नाही. मोबाइलमधला फोटो ज्या जेपीईजी स्वरूपात असतो, ते म्हणजे उसाचा रस. कामाचे तेवढे ठेवून बाकीचे फेकून दिलेले. रसाचा पुन्हा ऊस होत नाही.

म्हणूनच मजकुराची फाइल झिपमध्ये पुष्कळ लहान होते, पण फोटोंची झिप जवळजवळ तेवढीच राहते. पिळलेला कपडा पुन्हा पिळून किती पाणी निघणार? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आणखी पिळला जातो आणि फोटो कधी, कुठे काढला ही आतली नोंदही गळून पडते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. लग्नाचे, मुंजीचे फोटो मागवताना एवढे जरूर सांगा.

गाठीतली चिठ्ठी

आता मुख्य विषय. डाउनलोड केलेली झिप उघडली की आत हव्या त्या फाइलीसोबत एक-दोन लहान फाइली दिसतात. आपण त्यांना कचरा समजतो. त्या काय असतात ते पाहू.

पहिली 'रीडमी', म्हणजे 'मला वाचा'. हे नाव बहुधा मोठ्या इंग्रजी अक्षरांत असते. जुन्या संगणकांच्या यादीत मोठी अक्षरे आधी लागत, त्यामुळे ही फाइल वरच दिसे. आत काय आहे, ते कसे वापरायचे, कोणी केले, काय लागेल, हे तिच्यात असते. औषधाच्या खोक्यातला कागद समजा.

दुसरी परवान्याची. समजा, आपल्या स्मरणिकेसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून घेतला. झिपमध्ये फॉन्टसोबत परवान्याची फाइल येते. तिच्यात लिहिलेले असते की हा फॉन्ट वापरा, छापा, दुसऱ्याला द्या, फक्त नुसता फॉन्ट विकू नका. ही फाइल वाचली तर स्मरणिका छापताना 'हे चालेल ना?' ही धाकधूक उरत नाही.

तिसरी 'एनएफओ'. ही बरेचदा चोरून वाटलेल्या सिनेमांच्या आणि सॉफ्टवेअरच्या गाठोड्यांत सापडते. माल कोणी फोडला याची फुशारकी तिच्यात असते. गंमत म्हणजे विंडोजमध्ये तिच्यावर दोनदा टिचकी मारली की भलतीच खिडकी उघडते, आपल्याच संगणकाच्या माहितीची. वाचायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडावी लागते. चिठ्ठी आहे म्हणून माल सचोटीचा असे नसते. उलट चिठ्ठी वाचूनच माल ओळखता येतो. 'बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा' असे जिथे लिहिले असेल, ते अख्खे गाठोडे पुसून टाका. 'तेवढा वेळ कुलूप काढून ठेवा' असे सांगणाऱ्या पाहुण्याला आपण घरात घेऊ का?

चौथी 'जेसन'. ज्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला आहेत, त्यांच्या कामाची. गूगल फोटोजमधले सगळे फोटो 'टेकआउट' सोयीने उतरवले की मोठमोठ्या झिप मिळतात. आत फोटोंसोबत या जेसन फाइली असतात. आपण स्वतः दुरुस्त केलेली तारीख, फोटोखाली लिहिलेली ओळ, हे तिच्यात असते. 'फोटो तर आले, या कशाला?' म्हणून लोक त्या पुसतात. आम्ही अण्णांच्या फाइलीचे केले तेच.

नवाचा ताळा

पाचवी फाइल ताळ्याची. तिच्यात अक्षरे आणि आकडे यांची लांबलचक माळ असते. आमच्या पिढीपर्यंत शाळेत नवाचा ताळा शिकवत. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. तेवीसचे अंक मिळून ५, चौदाचे ५, पाच पंचे पंचवीस, त्याचे ७. इकडे ३२२ चे अंक मिळून ७. ताळा जमला. नवाचा ताळा म्हणजे नऊने भागून उरलेली बाकीच. झिप बांधताना संगणक प्रत्येक फाइलीला एका ठरावीक संख्येने भागावे तसे भागून बाकी लिहून ठेवतो. उघडताना पुन्हा भागतो. बाकी जुळली नाही तर 'फाइल खराब आहे' असा संदेश येतो. डाउनलोड होताना मध्येच लाइट गेली तर असे हमखास होते. मग दुरुस्तीच्या मागे न लागता फाइल पुन्हा उतरवावी.

पण ३२२ ऐवजी कोणी २३२ लिहिले तरी नवाचा ताळा जमतोच! तसेच या साध्या ताळ्याला मुद्दाम केलेली लबाडी पकडता येत नाही. त्यासाठी 'शा-२५६' नावाचा कडक ताळा असतो, ६४ अक्षरांचा. मोठे सॉफ्टवेअर देणाऱ्या संस्था तो आपल्या अधिकृत पानावर छापतात. उतरवलेल्या फाइलीचा ताळा काढून तो त्याच्याशी जुळवायचा. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी ती फाइल उघडायची नाही. कसा काढायचा ते घरातल्या मुलांना विचारा. त्यांना येत नसेल तर आमच्याकडे पाठवा.

पाच सवयी

आता थोडे व्यवहाराचे. कचेरीत आणि मंडळात रोज जे पाहतो त्यावरून सांगतो.

एक. झिप नुसती उघडून आतल्या आत काम करू नका. विंडोजमध्ये झिपवर टिचकी मारली की ती साध्या फोल्डरसारखी दिसते. आपण आतला फॉर्म उघडतो, तासभर भरतो, बंद करतो आणि भरलेले सगळे नाहीसे होते. आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा, मग बाहेर आलेल्या फाइलीवर काम करा.

दोन. उघडल्यावर झिप रिकामी होत नाही. बाहेर येते ती प्रत. झिप हीच मूळ वस्तू, ती जपून ठेवा, आणि एका जागी नको, दोन जागी ठेवा. आमचा लाडवांचा डबा आठवा.

तीन. नावाचे शेपूट पाहा. विंडोज ओळखीची शेपटे लपवते. त्यामुळे 'निमंत्रण डॉट पीडीएफ' दिसते, पण खरे नाव 'निमंत्रण डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असते. म्हणजे कागदाचे सोंग घेतलेला प्रोग्राम. मोबाइलवर 'डॉट एपीके' शेपटाची लग्नपत्रिका आली तर ती पत्रिका नसते, अ‍ॅप असते. ते बसवले की मेसेज, ओटीपी आणि मागोमाग बँकेतले पैसे जातात. लग्नपत्रिकेसाठी काही बसवावे लागत नाही. फसगत झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

चार. कुलूपबंद झिप ओळखीच्या ठिकाणचीच उघडा. आधारची ऑफलाइन ई-केवायसी झिपमध्ये मिळते आणि तिचा चार अक्षरी शेअर कोड आपण स्वतः ठरवतो. ते कुलूप आपल्या भल्याचे. पण अनोळखी ईमेलमधून झिप आली आणि खालीच पासवर्ड दिलेला असला, तर ते कुलूप चोराच्या सोयीचे असते. बंद पेटीत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून तो पेटी बंद करून पाठवतो आणि किल्ली आपल्याच हातात देतो. आणखी एक, साध्या झिपला कुलूप लावले तरी आतल्या फाइलींची नावे बाहेरून दिसतात. तेव्हा गुप्त गोष्ट नावात लिहू नका.

पाच. फाइलींची नावे मराठीत ठेवावीशी वाटतात, आम्हालाही वाटतात. पण झिपची मूळ रचना फक्त इंग्रजी आणि थोड्या युरोपीय अक्षरांपुरती होती. देवनागरी नाव नीट लिहिण्याची सोय झिपच्या नियमांत २००६ मध्ये आली. काही जुने प्रोग्राम ती पाळत नाहीत आणि 'श्रींची मिरवणूक' उघडताना चित्रविचित्र खुणा होऊन येते. म्हणून फोटोला नुसता क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाचे मराठी वर्णन सोबतच्या चिठ्ठीत लिहा.

आपल्या घरातला काला

आता त्या काल्याविषयी दोन शब्द. आपल्याकडच्या कचेऱ्यांत हिंदी मजकूर वर्षानुवर्षे कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप झाला. मराठी छपाईत श्रीलिपीसारखे फॉन्ट चालले. अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणक आत इंग्रजी अक्षरेच साठवतो आणि वर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि खाली काला दिसतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे 'ग' हा 'ग' म्हणूनच साठवला जातो, मग तो भोपाळला उघडा की न्यूयॉर्कला.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. आपल्यापैकी काहींच्या पूर्वजांनी त्यांच्या कचेऱ्यांत चाकरी केली आहे. अशा घरांत पेटीच्या तळाशी मोडी कागद सापडतात. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा माणूस घरात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी सर्रास चालली, ती आपल्याला दोन-तीन पिढ्यांत परकी झाली. ते कागद रुमालात बांधताना आजोबांनी वर बाळबोधीत एक ओळ लिहून ठेवली असती, 'अमुक शेताचे खरेदीखत', तरी केवढे काम झाले असते! मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, आता तिचे फॉन्टही फुकट उतरवता येतात. अक्षरे संगणकात आली, पण आपल्या पेटीतला कागद कशाचा आहे हे कोणताही फॉन्ट सांगणार नाही. ते लिहून ठेवणाऱ्यानेच सांगायचे असते.

आणि पाहा, मोडी परकी व्हायला दोन-तीन पिढ्या लागल्या. अण्णांची फाइल वीस वर्षांतच परकी झाली.

घाटावरचा फोटो

शेवटी, ज्या प्रसंगामुळे हे भाषण उभे राहिले तो सांगतो. आपल्या गावातून लग्न होऊन पुण्याला गेलेल्या एक ताई माहेरी आल्या होत्या. त्यांनी प्रदर्शनाची बातमी ऐकली होती. म्हणाल्या, "माझ्या आजोबांचा एकही फोटो घरात नाही. एका पुरात पेटी भिजली, तेव्हा गेले सगळे. आजी सांगायची, विसर्जनाच्या वेळी घाटावर काढलेल्या एका फोटोत ते आहेत. तुमच्याकडे आहे का?"

आहे. क्रमांक २७. नर्मदेच्या घाटावर सात माणसे उभी आहेत, धोतर, टोपी, कोणाच्या हातात झांजा. मागे पाण्यापलीकडे बिल्वामृतेश्वराच्या बेटावरची झाडी दिसते, म्हणून जागा कळते. ताईंनी तो फोटो कितीतरी वेळ पाहिला. मग विचारले, "यातले आमचे आजोबा कोणते?"

आम्हाला सांगता आले नाही. सातांपैकी एक त्यांचे आजोबा आहेत. कोणते ते अण्णांना ठाऊक होते, त्यांनी ते लिहूनही ठेवले होते, आणि आम्ही दोन केबीची जागा वाचवली! ताई काही बोलल्या नाहीत. अख्ख्या फोटोची प्रत घेऊन गेल्या.

म्हणून बाप्पासमोर आपल्याला दोन गोष्टी मागतो.

पहिली. यापुढे कोणतीही झिप उघडली की आधी चिठ्ठी वाचा. वाचता आली नाही तर ठेवून द्या. आज आपल्याला जो काला दिसतो तो उद्या कोणाला तरी वाचता येईल. आणि आपण कोणाला फाइली पाठवाल, मग ते घरचे फोटो असोत, जमिनीच्या खसऱ्याच्या नकला असोत की बारशाचा व्हिडिओ, तेव्हा आत एक 'माहिती' नावाची फाइल ठेवा. त्यात सहा ओळी पुरेत. हे काय आहे, कोणी केले, कधी केले, एकूण फाइली किती, प्रत्येक क्रमांकात कोण किंवा काय आहे, आणि काही अडले तर कोणाला विचारावे. ती युनिकोडमध्ये लिहा. साठवताना 'यूटीएफ-८' निवडले आहे ना ते पाहा. जुन्या नोटपॅडमध्ये ते न निवडता साठवले तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरतात. आणि एक प्रत कागदावर छापून पाकिटात ठेवा. कागदाला फॉन्ट लागत नाही.

दुसरी. ते ६३ फोटो आम्ही मोठे करून मंडपाच्या उजव्या भिंतीवर क्रमांकासह लावले आहेत. प्रत्येकाखाली कोरा कागद चिकटवला आहे, दोरीला पेन्सिल बांधली आहे. आजपासून विसर्जनापर्यंत रोज दुपारी चार ते सहा आम्ही तिथे बसणार आहोत. ज्येष्ठांनी या, खुर्चीची आणि चहाची सोय आहे. एखादा चेहरा, एखादी टोपी, एखादी उभे राहायची ढब ओळखीची वाटली तर सांगा. खात्री नसेल तर 'बहुधा' लिहू, पण लिहू. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी फोटो घेऊन आम्ही येऊ. अण्णांनी घरोघर हिंडून जमवले ते आमच्या हातून गेले. आता आम्ही घरोघर हिंडायचे, हे न्यायाचेच आहे.

 आता मोदक थंड होऊ नयेत. गणपती बाप्पा मोरया!

ता. क. : गेल्या वर्षीच्या त्या दिवसांत ६३ पैकी ४१ फोटोंतील काही ना काही नावे मिळाली. १८ फोटो पूर्ण झाले. क्रमांक २७ मधील सात जणांपैकी चौघे ओळखले गेले. त्या चौघांत ताईंचे आजोबा नाहीत, म्हणजे उरलेल्या तिघांतले एक ते आहेत. तो फोटो याच अंकात शेवटच्या पानावर मोठा छापला आहे. डावीकडून दुसरे, पाचवे आणि सातवे. कोणी ओळखत असल्यास कृपया मंडळाला कळवावे.